गाऱ्हाण्यातली एक ओळ

मी सूड घेतला आणि मला त्याची लाज वाटत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मला पाझर फुटेल अशी आशा कुणी लावून बसायला नको.

आमच्या गावाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. मधल्या पट्टीवर माडांखाली घरं. पुष्कळ घरांतली मुलं मुंबईला, आणि मागे उरलेत म्हातारेकोतारे. कॉलेजात असताना मी त्यांच्याकडे जाऊ लागले. कुणाच्या गोळ्या बघायच्या, कुणाला होडीत घालून खाडीपलीकडच्या दवाखान्यात न्यायचं. पण माझं मुख्य काम म्हणजे पायाची नखं कापणं. हसू नका. वय झालं की माणसाला वाकता येत नाही, हात आपल्या पायापर्यंत पोचत नाही. नखं जाड होतात, वळून बोटात रुततात, पिकतात. मुलगा मुंबईहून पैसे पाठवतो, टीव्ही पाठवतो, नखं कोण कापणार? मी कोमट पाण्यात पाय भिजवायची, मांडीवर फडकं टाकून तो पाय त्यावर घ्यायची आणि हळूहळू कापायची. पहिल्या पहिल्यांदा घरी येऊन मला जेवण जायचं नाही. नंतर सवय झाली.

विद्यापीठाची एक शिष्यवृत्ती होती, समाजासाठी मनापासून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना. पुढच्या शिक्षणाची फी, वसतिगृह, जेवण, सगळं त्यात. अट एकच, सुट्टीत गावी येऊन आपलं काम चालू ठेवायचं. आमच्या भागातून एकालाच मिळायची. मला समाजकार्य शिकायचं होतं. बाबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर. त्यात घर चालतं, मुंबईचं शिक्षण होत नाही. ही शिष्यवृत्ती मिळाली तर मी शिकणार होते, नाहीतर नाही.

अर्ज आणखी एकाने केला. आमच्याच गावचा, माझ्याच वर्गातला. त्याच्या घरची होमस्टे, पर्यटकांना फिरवायच्या बोटी. तो एकदा, फक्त एकदा, माझ्याबरोबर शेवटच्या घरातल्या आजीकडे आला होता. मी नखं कापत होते, त्याने आजीच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले आणि वास येतो म्हणून अंगणात जाऊन उभा राहिला.

विद्यापीठाची माणसं गावात चौकशीला आली त्या दिवशी मी नव्हते. त्याच आजीच्या छातीत दुखायला लागलं म्हणून तिला घेऊन दवाखान्यात होते. पाहुण्यांना त्याने गाडीतून आणलं, घरी सुरमई खाऊ घातली आणि दारोदार फिरवलं. ते प्रत्येक घरी विचारत, या मुलाने तुमची सेवा केली का? आणि प्रत्येक घरातून उत्तर आलं, होय. ज्यांच्या टाचांच्या भेगा मला पाठ होत्या, त्या सगळ्यांनी होय म्हटलं. माझ्या बाबांनीसुद्धा.

मी संध्याकाळी परत आले तेव्हा बाबा पडवीत जाळं विणत बसले होते. मी विचारलं, होय का म्हणालात?

"भायरच्या माणसांसमोर गावच्या पोराक खोटो पाडू काय गो?" ते म्हणाले. "तो तेंच्या बाजूक उभो. आणि तुजा काय, आज ना उद्या लगीन करून जातलंस."

आमच्या गावाची ही खोडच आहे. आपापसात बांधावरून डोकी फोडतील, पण परक्याने काही विचारलं की सगळा गाव एका सुरात होय म्हणतो. गाऱ्हाण्याची सवय, दुसरं काय. देवासमोर एकजण मोठ्याने मागणं मांडतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. काय मागितलं ते नीट ऐकतं कोण?

शिष्यवृत्ती त्याला मिळाली. शाळेच्या मैदानावर सत्कार झाला, त्याच्या गळ्यात हार आणि सगळ्या म्हाताऱ्या पुढच्या खुर्च्यांवर. भाषणात त्याने नखांचासुद्धा उल्लेख केला. हुबेहूब माझे शब्द, आजीकडे मी त्याला सांगितलेले. मी मागे उभी होते. त्याच महिन्यात मी गावच्या पतपेढीत चिकटले आणि बाबांशी बोलणं सोडलं. ताट वाढायचं आणि आत जायचं. आई मध्ये पडली तर तिलाही तोडून बोलायचं.

नारळी पौर्णिमा जवळ आली. समुद्राला नारळ देताना गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. आदल्या दिवशी बाबा माझ्यासमोर येऊन बसले.

"असा किती दिस चलतला? काय व्हया तुका, सांग एकदा."

मी तयारच होते. "उद्याच्या गाऱ्हाण्यात एक ओळ."

ती ऐकून बाबा बराच वेळ नारळाची शेंडी चाचपत राहिले. मग म्हणाले, "देवाक सांगलेला परत घेवक येणा नाय हां." मी म्हटलं, मला तेच हवंय.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव वाळूत. तोही सुट्टी काढून आला होता, पांढऱ्या सदऱ्यात, सगळ्यांच्या पुढे, हातात फोन, होमस्टेच्या पानासाठी सगळं थेट दाखवत. बाबांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, लेकरांनी जो नारळ ठेयलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "काय चूकभूल झाली आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" मग त्याच सुरात, त्याच लयीत माझी ओळ आली.

"दुसऱ्याच्या कष्टाचो मान जेनी आपल्या नावार घेतल्यान, तेच्याच हातान ता काम पुरा करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज त्याचा होता. फोनकडे बघून, हसत. पुढची ओळ सुरू व्हायच्या आत कुजबुज उठली आणि माना त्याच्याकडे वळल्या. त्याला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. तो चेहरा मी मनात नीट ठेवून दिलाय. कधी वाईट दिवस गेला की काढून बघते.

तरी तो निसटला असता. पण हंगामाची पहिली रापण ओढली आणि जाळ्यात आला शेवाळ नि चिखल. दुसरी ओढली, तेच. रापणकरी त्याच्या दारात गेले. देवाला शब्द देऊन घरात बसतोस? शेवटच्या घरातल्या आजीने तर पडवीत पाय पसरूनच निरोप धाडला. तो आला तेव्हा मी कुंपणाशी होते.

"ये रे झिला," आजी म्हणाली. "भाषणात कापलंस, आता खरी काप."

त्याने कापली. ओकारी दाबत, तोंड फिरवून, पण कापली. पुढच्या आठवड्यात बांगडा लागला आणि मग त्याची सुटकाच नाही. माझी ओळ दर वर्षी गाऱ्हाण्यात येत राहिली. प्रत्येक सुट्टीत गाडीतून उतरला की घरोघरी पाय भिजलेले असायचे. हळूहळू त्याचा हात बसला. माझ्यापेक्षा सफाईने कापतो असं आजी मला तोंडावर म्हणाली. तेव्हा मी कशी जळले ते माझं मला माहीत.

यंदा त्याचं शिक्षण संपलं. पुण्यात नोकरी लागली, वृद्धांसाठीच काम करणारी कुठलीशी संस्था. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो आमच्या अंगणात आला.

"आई जाऊ देत नाही," तो शुद्ध मराठीत म्हणाला, ऑफिसात आल्यासारखा. "देवाचा शब्द मानेवर घेऊन जाऊ नकोस म्हणते. यंदा ती ओळ वगळ. माझं चुकलं, मी मान्य करतो."

माझ्याकडे आला होता, कारण यंदा गाऱ्हाणं मी घालणार होते. बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालेलं, घरात भाऊ नाही आणि शब्द पाठ फक्त मला. बाईमाणूस कशाला म्हणून चार जण कुरकुरले, पण बाबांनी नारळ माझ्या हातात ठेवला.

"कुणाकडे मान्य करतोस?" मी विचारलं. "विद्यापीठाला सांगितलंस?"

तो चपला पायात सरकवू लागला. मी त्याला पाणीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुढेच उभा होता, फोन खिशात. मी गाऱ्हाणं सुरू केलं. ती ओळ आली. मी एकही शब्द बदलला नाही. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. मी थांबले. नारळ हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. होय आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही, आणि ते सरकल्याशिवाय होड्या पाण्यात जात नाहीत. लाटा पायाशी येऊन जात होत्या. मागून कुणीतरी खाकरलं. त्याची आई रडायला लागली.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. या वेळी ऐकून, समजून.

मग मी पुढची ओळ घेतली. मला बरं वाटलं, पोट भरल्यासारखं.

आईने जाऊ दिलं नाही, पुण्याची नोकरी गेली. तो आता वडिलांच्या बोटी बघतो. गेल्या आठवड्यात बाबांची नखं वाढलेली दिसली. मी कापू शकले असते. मी निरोप धाडला. तो आला, चुलीवर पाणी कोमट केलं, फडकं मांडीवर टाकलं आणि बाबांचा पाय उचलून घेतला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आता पुरे गो, अशा नजरेने. मी त्यांचा दुसरा पाय त्याच्यासाठी पाण्यात भिजत ठेवला.