पुढच्या साम्राज्यासाठी माझी मागणी

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि आमच्या दोघींचा रविवारचा एक कार्यक्रम ठरून गेला. जेवणं आटोपली की ती तिकडे आणि मी इकडे, हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, विजय नगर वस्तीतल्या घरात, लॅपटॉप उघडून बसायचं, फोन स्पीकरवर ठेवायचा आणि राज्य करायचं. संगणकावरचा खेळ आहे तो. एका वस्तीपासून सुरुवात करायची आणि शेती, रस्ते, किल्ले, सैन्य वाढवत शतकांमागून शतकं ओलांडायची. तिचं एक राज्य, शेजारी माझं. ती शहरं जिंकत सुटते, मी धान्याची कोठारं भरते.

खेळ मला पुरता कळला आहे असं नाही. पण नुसता फोन केला तर आमचं बोलणं "जेवलीस का" आणि "हो" यातच संपतं. खेळताना ती बोलत राहते. तिची घरमालकीण, तिचा साहेब, ऑफिसात तिच्या "का"ऐवजी "काहून" म्हणण्याला कोण हसलं, हे सगळं मला लढायांच्या मधे मधे कळतं. मला हवा असतो तो एवढाच भाग.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी ती म्हणाली, "मम्मी, या गेमचा पुढचा पार्ट येऊन राहिला. कंपनीने पूछा है, प्लेयर लोकांना काय काय पाहिजे. तू पण सांग ना. मी इंग्लिशमध्ये करून टाकून देते."

"मी काय सांगू त्यात?"

"जो मन में आए. लिस्ट बनवायला तर तुला बहाणाच लागतो."

हे खरं आहे. मी संरक्षण खात्याच्या कारखान्यात, नियोजन विभागात आहे. काय लागेल, किती लागेल, कधीपर्यंत लागेल, याच्या मागण्या तयार करण्यात माझी इतकी वर्षं गेली. पण तिथे वस्तूचं रेखाचित्र असतं, क्रमांक असतो, मोजायचं माप असतं. इथे जे अजून नाही ते, ज्यांना पाहिलं नाही त्यांच्याकडे, खोट्या राज्यासाठी मागायचं होतं. "मनात येईल ते" हे कुठलं माप? दोन दिवस मी कोरा कागद घेऊन नुसती बसले.

शेवटी जे खटकतं तिथून सुरुवात केली. खेळात शेत एकदा लावलं की दर फेरीला तेवढंच धान्य येतं. आमच्याकडे जवळच्या पाटण गावचा मटार आला की एकदम येतो, गल्लीगल्लीत ढीग लागतात, मग नाहीसा होतो. तसं पीक असावं. किल्ला बांधला की तो शतकानुशतकं नवाकोरा राहतो. डागडुजीचं खातं असावं. अधिकाऱ्यांच्या बदल्या व्हाव्यात, नाहीतर एकच सुभेदार तीनशे वर्षं एका गावात बसतो. आणि रूपनाथ, आमच्याजवळचं, एका जुन्या सम्राटाच्या शिलालेखाचं ठिकाण. लहानपणापासून दर वर्षी आम्ही तिथे डबे घेऊन जातो. इतक्या मोठ्या राजाने डोंगराच्या पायथ्याशी, जिथे शहर नाही, बाजार नाही, अशा जागी खडकावर लिहून ठेवलं. खेळात मात्र जे काही उभारायचं ते शहरातच उभारता येतं. रानात लिहिण्याची सोय असावी. त्याने तिथेच का लिहिलं हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून आमच्या मागणीपत्रात असतो तशा कारणाच्या रकान्यात काय भरावं तेही सुचेना. तो रकाना मी तसाच सोडला.

यादी झाल्यावर मी ती आमच्या पद्धतीने लावली. आमच्याकडे दहा नग हवे असतील तर वीस लिहितात, कारण वर कोणीतरी लाल पेन घेऊन बसलेलं असतं आणि निम्मं कापल्याशिवाय त्याला आपण काम केलं असं वाटत नाही. जे कापलं जाणार ते वर ठेवायचं. खरी गरज सगळ्यात खाली, तिथे पोचेपर्यंत पेन थकतं. त्याप्रमाणे मी वर लिहिलं: लढाया पूर्ण काढून टाकाव्यात. म्हणजे कापून कापून निदान एक लढाई जिंकल्यावर राजाला थांबण्याची सोय तरी मिळेल. नकाशा निम्मा करावा. म्हणजे अक्षरं तरी मोठी होतील. खेळ तासाभरात संपावा. म्हणजे कुकरची शिट्टी झाली की मधेच थांबवता तरी येईल. आणि सगळ्यात खाली: एकच राज्य दोघांना मिळून चालवता यावं.

फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, "अच्छा. ओके मम्मी."

पुढच्या रविवारी मी लॅपटॉप उघडून बसले, तर तिचा निरोप आला. "आज राहू दे. तू आराम कर." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. फोन केला तर "जेवलीस का" मीच विचारलं आणि "हो" तिने म्हटलं. मी संभाव्य कारणं काढली: काम वाढलं, नेट बिघडलं, मैत्रिणी, तब्येत. एकेक विचारून बघितलं. काम तेवढंच होतं, नेट चांगलं होतं, तब्येत ठीक होती. मग हे "आराम कर" कुठून आलं? मी कधी म्हटलं मला आराम पाहिजे?

तिसऱ्या रविवारी मी मटार सोलत होते. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दोन दाणे उचलून तोंडात टाकले.

"काय महाराणी, राज्य खालसा झालं काय?"

"तिला काय झालं समजून नाही राहिलं. यादी पाठवली तेव्हापासून हे असं."

"दाखव बरं यादी." हे रेल्वेत आहेत, तिथेही मागण्या अशाच येतात, म्हणून कागद खालपासून वर वाचतात. पण या वेळी त्यांनी वरून खाली वाचला. "अगं, हे वाचून मलाच वाटून राहिलं, तुला हा गेम अजिबात नको आहे. लढाई नको, नकाशा नको, तासात संपवा."

"अहो, ते कापायसाठी लिहिलं आहे!"

"ते तुला माहीत, मला माहीत. पोरगी प्रायव्हेटमध्ये आहे. तिला कोणी सांगितलं, कापायचं असतं म्हणून?"

मी हात न पुसताच फोन लावला.

"तू काहून खेळून नाही राहिली? सरळ सांग."

"मम्मी, तूच तर लिहिलं. मला इतकं बुरा लगा. इतके महिने तू माझ्यासाठी जबरदस्ती बसून राहिली होती ना?"

"ते खरं नव्हतं गं. ते वरचं तीन कापायचं होतं."

"कोण कापणार?"

"कंपनी."

"कंपनी कशाला कापेल? इथे तर ज्यादा लिहिलं की बोलावून विचारतात, का लिहिलं." ती पुढे म्हणाली, "आणि मी तसंच पोस्ट करून टाकलं. तुझ्या लढाईबंदीवर खाली लोक भांडून राहिले."

"मग खालचं नाही वाचलंस? शेवटचं?"

"वाचलं ना. मला वाटलं, राज्य सांभाळून थकली, म्हणून माझ्या गळ्यात टाकून राहिली."

मला हसावं की रागवावं कळेना. जे सगळ्यात सांभाळून ठेवलं होतं तेच सगळ्यात उलटं पोचलं होतं.

"बरं, चलो," ती म्हणाली, "आता फक्त एक सांग. काय पाहिजे? वाढवून नाही, जेवढं आहे तेवढंच."

नोकरीत मला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मी मटाराची टोपली बाजूला सारली. "शेवटचंच," मी म्हणाले. "तुझं राज्य वेगळं, माझं वेगळं, मग तू जिंकलीस की खेळ संपतो. आणि तू फोन ठेवतेस."

 ती म्हणाली, "एकच राज्य असलं तर भांडणार कोणाशी?"

"तुझ्याशीच."

"लॅपटॉप उघड."

तिने काय केलं ते मला सांगता येणार नाही. तिची स्क्रीन माझ्याकडे दिसू लागली आणि माझा माऊस तिच्याकडे चालू लागला. राज्य तिचंच होतं, शहरं मला ओळखीची नव्हती. मी घोडदळ कोठारांकडे वळवलं, तिने सरहद्दीकडे. घोडदळ नदीत गेलं आणि तिथेच गोल फिरू लागलं.

"मम्मी, सोड ना!"

"मी कुठे धरलं आहे? तूच धरून राहिली."

"मेरा हाथ तो चाय पे है!"

मी माझ्या हाताकडे बघितलं. तो माऊसवरच होता, पण हलत नव्हता, निदान मला तसं वाटत होतं. घोडे फिरत होते, आणि ती घरमालकिणीने पाण्याच्या टाकीला कुलूप कसं लावलं ते सांगू लागली होती.