बाबांना समोरच्या दारातून नेलं

बाबांना कोणत्या दारातून न्यायचं, हे मी ठरवलं. कोणालाही न विचारता.

आज वर्ष झालं. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही.

राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव. गावातलं सर्वांत जुनं घर आमचं आहे. सगळे त्याला 'मोठं घर' म्हणतात. सागवानी खांब, समोर भलामोठा दरवाजा. कॉलेजची पोरं फोटो काढायला येतात.

बांधलं पाटलांनी. चार पिढ्या राहिले. मुलं नागपूरला सेटल झाली, तेव्हा शेवटच्या पाटलांनी ते बाबांना विकलं.

बाबा झेडपीच्या शाळेत मास्तर. ताबा घ्यायच्या दिवशी आमची अख्खी बौद्ध वस्ती बघायला आली होती.

पाटलांनी स्वतः समोरचं दार उघडलं. "या गुरुजी."

आणि बाबा काय करतात?
घराला फेरा मारून मागच्या दारानं आत गेले.

पाटील उंबरठ्यावर किल्ल्या धरून उभेच.

मी दहावीत होते. लाजेनं मान वर होईना. आजोबा याच घरी राबायचे आणि मागच्या दाराशीच थांबायचे. त्यांना आत यायची परवानगी नव्हती, हे मला माहीत होतं. पण आता तर घर आपलं झालं होतं ना?

पुढं शेवटपर्यंत बाबा मागूनच आले-गेले.

"बाबा, काहून मागून जाता?"
"जवळ पडते."
"फेरा मारून जवळ?"
"तुले राग काहून येते पण?"

यायचाच. पाहुण्यांना समोरून बोलवायचे, खांबान् खांबाची हिस्ट्री सांगायचे. स्वतः मात्र मागून.

एकदा मी नको ते बोलून गेले. "तुमच्या मनातून पाटील अजून गेलाच नाही."

बाबा चहा पीत राहिले.

ते गेले त्या दिवशी काकांनी विचारलं, "पोरी, कुठून न्याचं?"

"समोरून. दोन्ही फळ्या उघडा."

आई काही बोलली नाही. मला वाटलं, मी जिंकले.

चार दिवसांनी सकाळी आई मागच्या पायऱ्या धूत होती.

"तुह्या आजानं बसवल्या ह्या," ती म्हणाली. "जुन्या खचल्या तव्हा. एकट्यानं, दगड डोक्यावर आणून. तुहे बाबा म्हणे, बाकीचं घर म्या इकत घेतलं, ह्या पायऱ्या माह्या बापाच्या हायेत."

मी म्हणाले, "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू इचारलं कुठं? तू तं सांगून राह्यली होती."

तेव्हापासून डोक्यात नुसता गोंधळ आहे.

ज्या पायऱ्या आजोबांनी बसवल्या, तिथंच त्यांना थांबवलं जायचं. मग बाबा रोज तिथून चढायचे, ते अभिमानानं? की ते दुःख उगाळत? की दोन्ही? आणि मला का नाही सांगितलं?

मी विचारायचे, पण भांडायलाच विचारायचे. हेही आत्ता कळतंय.

आज पुण्याहून आले. समोरचं दार सताड उघडं होतं. बॅग घेऊन फेरा मारला आणि मागं गेले.

तिसरी पायरी हलते.
इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं.

बाबा, तुम्हाला समोरून नेलं. चुकलं असेल तर माफ करा.

जयभीम.