बाबांनी दाबलेलं बटण

दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे पाच दिवस उरले होते, तेव्हाची ही गोष्ट. सकाळची कामं उरकून मी आशागडच्या आमच्या घरात, ओटीवरच्या टेबलाशी बसले आणि कंप्युटर सुरू केला. पडदा उजळला आणि खालच्या कोपऱ्यातून एक लाल चौकट वर सरकली. कंप्युटरमध्ये शेकडो दोष सापडले आहेत, ताबडतोब साफ करा, असं तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं. ती बंद केली तर तिच्यामागे दुसरी. ती बंद केली तर एक ब्राउझर आपोआप उघडला. तो माझा नेहमीचा नव्हताच. त्याच्या दोन्ही बाजूंना अपुऱ्या कपड्यांतल्या बायका हसत होत्या. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू कढीपत्ता मागायला ओटीवर आल्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "शाळेचं काम चाललंय वाटतं." मी उठून पडद्यावर टॉवेल टाकला.

काम खरंच शाळेचं होतं. तलासरीच्या डोंगरातल्या एका पाड्यावर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिलीत येणारी मुलं घरून वारली बोलत येतात आणि पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते. म्हणून मी बरीच वर्षं त्यांच्या बोलीतले शब्द आणि गोष्टी गोळा करत होते. त्यातलं सगळ्यात चांगलं मला दिलं ते शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईने. भांडी घासून झाली की ती पायरीवर टेकायची, पदराला हात पुसायची आणि सांगायला लागायची. मी मोबाइल धरून समोर बसायचे. अशी चाळीसेक रेकॉर्डिंग जमली होती. मोबाइल भरला म्हणून ती मी कंप्युटरवर टाकली, मग मोबाइलही बदलला. गेल्या पावसाळ्यात ती बाई काविळीने गेली. तिचा आवाज आता कंप्युटरच्या त्या एका पेटीत होता, आणि दुसरी प्रत मी केली नव्हती. करू, करू म्हणत राहिले.

आमच्या केंद्रातल्या, आसपासच्या शाळांमधल्या पहिलीच्या शिक्षकांसाठी मी शब्दांची एक पुस्तिका करत होते. सोमवारी शाळा उघडली की आवाजांसकट ती द्यायची होती.

कंट्रोल पॅनेल उघडून बघितलं तर यादीत दोन अनोळखी नावं होती. एक कंप्युटर साफ करणाऱ्या ॲपचं, दुसरं त्या ब्राउझरचं. पहिल्यावर अनइन्स्टॉल दाबलं. एक पान उघडलं, त्यात रडवेला चेहरा काढलेला, आणि खरंच आम्हाला काढायचं आहे का, असा प्रश्न. ठेवण्याचं बटण हिरवंगार, मोठं. काढण्याची अक्षरं इतकी फिकी, की मला चष्मा पुसून शोधावी लागली. ती दाबली. मग दुसरंही काढलं. सुटले म्हणून चहा टाकला, कंप्युटर बंद करून पुन्हा चालू केला. चहा उकळायच्या आत लाल चौकट हजर. यादीत दोन्ही नावं होती तिथेच. त्या दिवशी मी ती पाच वेळा काढली आणि पाचही वेळा ती परत आली.

संध्याकाळी सासऱ्यांना विचारलं. मी त्यांना बाबाच म्हणते. वीज मंडळात लाइनमन म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर छापील पेपर वाचता येईना, म्हणून कंप्युटरवर अक्षरं मोठी करून ते पेपर वाचायचे. मी शाळेत असताना ओटी त्यांचीच असायची.

"बाबा, यात तुम्ही काही दाबलंत का?"

त्यांनी जराही लपवलं नाही. "लाल अक्षरात डेंजर आलं होतं. खाली बटण होतं. मी दाबलं."

"न विचारता?"

"डेंजर लिहिलेलं होतं गं."

आणि मी बोलू नये ते बोलले. "ज्यातलं कळत नाही त्यात हात कशाला घालता? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" आवाज चढला होता. माझा नवरा कारखान्यातून नुकताच आला होता, तो दारातच थांबला. बाबांनी चष्मा काढला, घडी करून डबीत ठेवला आणि डबीचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी ते ओटीवर आले नाहीत. चहा त्यांनी मागच्या दारी, चिकूच्या झाडाखाली मागवला.

शुक्रवारी मी नाशिकला मुलीला फोन केला. ती तिकडे नर्सिंग शिकते. तिच्या मागे वॉर्डातली गडबड ऐकू येत होती. "आई, टास्क मॅनेजर उघड, नाव शोध, एंड टास्क कर, मग काढ." मी तसं केलं. यादीतून नाव गेलं, आणि मी श्वास सोडेपर्यंत खालून पुन्हा वर आलं. मी पुन्हा मारलं, ते पुन्हा उठलं. "मग आधी तुझ्या फाइली तरी पेनड्राइव्हवर घे," ती म्हणाली. घ्यायला गेले तर हिरवी पट्टी थोडी सरकली आणि थिजली. माउस हलेना. अर्ध्या तासाने बटण दाबून मशीन बंद करावं लागलं. तीनदा असंच झालं.

दुपारी पेटी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली आणि शेअर रिक्षाने डहाणू रोडला गेले. स्टेशनजवळ कंप्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी पेटी लावून पाहिली, दोन मिनिटं इकडेतिकडे दाबलं.

"फॉरमॅट मारावा लागेल."

"आणि आतलं?"

"आतलं काढायचा प्रयत्न करू. गॅरंटी देत नाही. आणि ठेवून जा, मंगळवारपर्यंत बघतो."

"मला सोमवारी हवंय."

त्यांनी खांदे उडवले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या मागे भिंतीला अशा पेट्यांची रांग लागली होती, आणि त्या रांगेत त्या बाईचा आवाज ठेवून यायला माझं मन धजावलं नाही. पेटी पुन्हा मांडीवर घेऊन मी परत आले. वाटेत खड्डा आला की दोन्ही हातांनी ती उचलून धरत होते.

शनिवार मला विसरता येत नाही. मोबाइलवर कुणीतरी लिहिलेला उपाय वाचला, की ॲपचा फोल्डर शोधून हाताने पुसून टाका. शोधला. पुसायला गेले तर हा फोल्डर वापरात आहे, असं उत्तर. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. शेजारच्याच चौकटीत माझ्या रेकॉर्डिंगचे फोल्डर उघडे होते, कारण आहे ना सगळं जागेवर, हे मी दर थोड्या वेळाने बघत होते. मशीन इतकं जड झालं होतं, की आत्ता दाबलेलं अर्ध्या मिनिटाने पोचायचं. माझा संयम संपला. शिफ्ट धरून डिलीट दाबलं, मग एंटर, मग पुन्हा डिलीट, पुन्हा एंटर, रागाने, न बघता. पडदा थिजलेलाच. मग एकदम सगळं हललं. ॲपचा फोल्डर होता तिथेच होता. माझ्या चौकटीतला एक फोल्डर दिसत नव्हता. शिफ्ट धरून पुसलेलं कचऱ्याच्या डब्यातही जात नाही, हे मला माहीत होतं. तरी मी डबा उघडून बघितला. रिकामा. अकरा रेकॉर्डिंग होती त्यात, तिच्या शेवटच्या उन्हाळ्यातली.

मी खुर्चीवरून खाली लादीवर बसले आणि मोठ्याने रडले. घरात कुणी ऐकेल याची शुद्ध नव्हती. तिने त्यासाठी वेळ दिला होता, दमलेली असताना, घरी जायचा रस्ता लांब असताना. "बाई, हे पोरांना ऐकवशील ना?" असं तिने एकदा विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. माझ्या हाताने मी ते पुसलं होतं. बाबांना जे बोलले ते सगळं आता मलाच लागू होतं.

बाबा मागच्या दाराने आत आले. दोन दिवसांनी पहिल्यांदा ओटीवर. गुडघ्याला हात लावत ते माझ्याजवळ बसले.

"काय गेलं?"

मी सांगितलं. त्यांनी समजूत घातली नाही. पडद्याकडे बघत म्हणाले, "तू ते बंद करतेस तेव्हा नेमकं काय होतं, मला एकदा दाखव. सावकाश. हात मी लावत नाही."

मला काहीच करावंसं वाटत नव्हतं. पण त्यांना नाही म्हणायची ताकदही उरली नव्हती. त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून घेतलं, पेन घेतलं. मी साफ करणारं ॲप काढलं.

"आता तो ब्राउझर चालू आहे ना?"

"हो."

"थांब. बघत राहा."

दोन मिनिटांत काढलेलं ॲप यादीत परत आलं. त्यांनी कागदावर एक बाण काढला. "आता उलट कर." मी ब्राउझर काढला, साफ करणारं ठेवलं. ब्राउझर परत आला. त्यांनी उलट दिशेचा बाण काढला आणि पेन खाली ठेवलं.

"एकमेकांना पुरवठा देतायत," ते म्हणाले. "तू एकच बाजू बंद करतेस."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी या घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी मी ऐकली नव्हती. रानशेतकडे वादळात तार तुटली होती. सबस्टेशनमधून पुरवठा बंद केला होता, खात्री करून. त्यांचा जोडीदार खांबावर चढला. तेवढ्यात पुढच्या वस्तीत कुणाच्या तरी घरचा जनरेटर सुरू झाला. त्याची जोडणी चुकीची होती, आणि करंट मेलेल्या तारेत उलट बाजूने आला.

"मी खाली होतो. शिडी धरून."

त्यांनी पेन उचलून कागदावरचे दोन्ही बाण पुन्हा गिरवले.

"त्यानंतर दोन्हीकडचं बघितल्याशिवाय कधी वर गेलो नाही. आणि तिसरीकडून येतंय का, तेही बघायचो." त्यांनी पडद्यामागे नजर टाकली. "ही निळी वायर कसली?"

"नेटची."

"ती काढ आधी."

मी वायर उपटली. मुलीला फोन लावला, आणि बाबा म्हणतात ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, आजोबा बरोबर बोलतायत. सेफ मोडमध्ये जा, तिथे दोन्ही झोपलेली असतील. दोन्ही काढ, आणि मधे रीस्टार्ट करू नकोस. मग टास्क शेड्यूलर बघ. तिथे कुणीतरी त्यांना उठवायला बसलेलं असणार."

फोन टेबलावर ठेवून आम्ही कामाला लागलो. काळ्या पडद्यावर मोठी, बेढब अक्षरं आली. बाबा पडद्यापासून बोट लांब ठेवून एकेक नाव अक्षर लावत वाचायचे, मी मुलीला सांगायचे, ती हो म्हणाली की बाबा "हं" म्हणायचे, आणि मगच मी दाबायचे. एक गेलं. दुसरं गेलं. शेड्यूलरमध्ये निरर्थक अक्षरांचं एक नाव सापडलं, दर तासाला जागं होणारं. तेही काढलं. मघाशी न हललेला तो फोल्डर आता एका फटक्यात पुसला गेला. पुसण्याआधी मी त्याचं नाव तीन वेळा वाचलं.

मशीन पुन्हा सुरू केलं. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. लाल चौकट आली नाही. बाबांनी आणखी तीनदा बंद-चालू करायला लावलं, मग नेटची वायर जोडायला लावली, आणि त्यानंतर पाऊण तास ते खुर्चीवरून उठले नाहीत. काही आलं नाही. मग मी उरलेली सगळी रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतली. हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली.

"बाबा, माझं चुकलं," मी म्हटलं.

"डेंजर खोटंही लिहितात, हे मला माहीत नव्हतं गं," ते म्हणाले. "आमच्यात तसं कुणी लिहीत नसे."

त्यांनी मला माफ केलं असावं. पण त्यानंतर ते कंप्युटरसमोर कधी बसले नाहीत. मी बोलावलं, पेपर उघडून अक्षरं मोठी करून ठेवली, तरी त्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "तुझं काम असेल त्यात."

पुढच्या आठवड्यात डहाणू रोडच्या त्या गृहस्थांनी पुसलेल्यातली चार रेकॉर्डिंग काढून दिली. त्यातली दोन मध्येच तुटतात. बाकी सात गेली. पुस्तिका सोमवारी दिली होतीच, होतं तेवढ्यावर. केंद्रप्रमुख छान झालीय म्हणाले, आणि मी मान खाली घातली.

त्या बाईची मुलगी त्याच पाड्यावर राहते. एका दुपारी शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे गेले. ती अंगणात भात वाळवत होती. मी खरं ते सांगितलं. ॲप, फोल्डर हे तिला सांगून उपयोग नव्हता. माझ्या हातून तुझ्या आईच्या सात गोष्टी पुसल्या गेल्या, एवढंच म्हटलं.

"कोणत्या?" तिने विचारलं.

आठवत होत्या तेवढ्या मी सांगितल्या. खेकड्याची, दोन बहिणींची, भुकेल्या पाहुण्याची. खेकड्याची तिला येत होती. पायाने भात पसरत तिने ती तिथेच सांगितली, पण अर्ध्यात थांबली. पुढचं आठवेना. तिने एकदा मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा तिथेच अडली.

"आई सांगायची तेव्हा मी कामात असायची," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्या आता कुठंच नाहीत का, बाई?"

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि कोंबड्या हाकलायला उठली.