आमी दगड नाय

सुमन, सरक गो बाय जवळ. फोनवर असलीस तरी समज, आत्याच्या चुलीपुढंच बसलीस. माळावरच्या विमानाच्या पट्टीवर गवत कापायला जाणार म्हणं तू? आणि मला एका शब्दानं विचारलं नाय? तुझ्या आधी मी तिथं होते, इसरलीस?

दोन माणसं बसतील एवढंच विमान. मालक शहरातला. आमी बाया पट्टीचं गवत कापायचो. त्या दुपारी वळवाचा वारा सुटला. उघड्यावरचं विमान हलायला लागलं. नोकर म्हणाला, "साहेब, पंखाला बांधायला दगड आणतो."

मालक गाडीतूनच म्हणाला, "दगड कशाला? बायांना बोलव. त्या आपल्या पायांनी येतात."

बाया हसल्या. मीपण हसले. तेच सलतं अजून.

पंखाखाली दोर लोंबत होते. मालक म्हणाला, "लटका." मी दोर मनगटाला गुंडाळला. आपली सवय ती. वाऱ्यात छप्पर उडायला लागलं की आपण असाच धरतो, बैलाचा कासराही असाच. हातातून सुटू नये म्हणून. इथं सुटायलाच पायजे होता.

वारा पंखाखाली शिरला. पंख वर गेला, संगं मी. पाय अधांतरी. ओरडायला तोंड उघडलं तर तोंडात धूळ. खालून माझी धाकटी जाऊ लुगड्याला धरून ओढत होती. "आक्का, दोर सोड! सोड गो!"

कसा सोडू? वेढे मांसात रुतलेले. वाटलं, हात इथंच राहील नायतर मी. मग पंख खाली आला आणि मी आपटले. मनगट सोललं.

मालक धावत आला. माझ्याजवळनं पुढं गेला. पंखावर हात फिरवला. "घासलं तर नाही ना कुठं?" मग आमच्याकडं बघून, "एवढ्या धडधाकट बाया. वजनाच्यापण कामाच्या नाहीत?"

तेवढ्यात माळाच्या त्या टोकाला पुन्हा धुरळा उठला. आमच्याकडंच येत होता.

"धरा!" मालक ओरडला. बाकीच्यांनी परत दोर धरले.

मी वेढे सोडवत होते. शूरबिर काय नव्हते गो, भ्यालेली होते. म्हणाले, "नाय धरणार." वाऱ्यात कुणाला ऐकूच गेलं नाय. परत म्हणाले, मोठ्यानं. "आमी दगड नाय. सोडा गो सगळ्या, लांब पळा!"

सगळ्यांनी सोडलं. जाऊ शेवटी. विमान उचललं गेलं, पालथं झालं. जाऊ उभी होती ना, बरोब्बर त्या जागी पंख मोडून पडला. मालक किंचाळला, "उद्यापासून येऊ नका!"

जाऊ म्हणाली, "बोलवायला तरी कोण आलंय!"

भीती गेली नाय सुमन. घरावरचा पत्रा वाजला की मनगट आपोआप आवळतं. पण मालकानं नवं विमान आणलंय, आणि बाया नेणारा टेम्पो आमच्याच पाड्यावरून माळावर चढतो. वारा असला की मी आडवी उभी राहते. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, शिव्या देतो. मी हलत नाय. वाऱ्यात एकपण बाई त्या पंखाखाली जाणार नाय, मी आहे तोवर. तू बसलेली असलीस तर तुलापण दंडाला धरून उतरवीन. भाची म्हणून सोडणार नाय.

त्यापेक्षा आधीच ये. धसईच्या बाजाराला येशील तेव्हा पुढं एक गाडी धर, आत्याकडं उतर. माझ्या मनगटावरून तुझं बोट फिरवून बघ. मग ठरव. पण लवकर ये बाय, वारे सुरू झालेत.