दगडांवरची साय

महिपतीला दगड पाळायची नोकरी आहे, असं मी ऑफिसात चेष्टेनं म्हणायचो. माझ्या जिभेला हाड नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

गोष्ट १९५१ सालची. उल्हासनगरच्या कॅम्पाच्या एका टोकाला, लष्कर गेल्यावर मागे राहिलेला सांडपाण्याचा फिल्टर होता. फिल्टर म्हणजे पुरुषभर उंचीचा गोल हौद, काठोकाठ दगडांनी भरलेला. वर चार बाजूंना फाटे फुटलेली लोखंडी नळी गोल फिरायची आणि कॅम्पातलं मैलापाणी दगडांवर शिंपडायची. वरून काळं पाणी जायचं, खालून बऱ्यापैकी नितळ यायचं. मी दर बुधवारी कल्याणहून सायकलवर जाऊन दोन्ही पाण्यांच्या बाटल्या भरायचो आणि दुपारच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचो. तेही नाकाला रुमाल बांधून.

काम दगड करत नसत. दगडांवर एक करडा, बुळबुळीत थर वाढायचा. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असत आणि तेच पाण्यातली घाण खाऊन टाकत. मी हे पुस्तकात वाचलं होतं. महिपती त्या थराला साय म्हणायचा. एखादा दगड उचलून बोटानं चाचपायचा आणि सांगायचा, "आज साय जाड हाय, साहेब. पानी चांगलं उतरंल." प्रयोगशाळेचा आकडा आठवड्यानं यायचा आणि त्याचंच खरं ठरायचं. मला याचा रागच यायचा.

महिपती घाटावरून कामाला आलेला. त्याच्याशी बोलायला आठवड्यातून मी एकटा. बायको कौसाबाई खरवईची. लग्नानंतर राहायला जागा नव्हती म्हणून चार महिन्यांत माहेरी गेली, ती तिथंच राहिली. तो सणासुदीला सासरी जायचा, पण मैलापाण्याचं काम म्हणून पंगतीत त्याच्या शेजारचं पान रिकामं राहायला लागलं, तेव्हा जायचा बंद झाला. मग तीन वर्षांनी फिल्टरशेजारची खोली त्याच्या नावावर झाली. कौसाबाई सोमवारी कायमची राहायला येणार होती. ही बातमी सांगताना तो माझ्याकडे न बघता नळीची भोकं तारेनं साफ करत होता. कान मात्र लाल झाले होते.

मी म्हणालो, "अरे, बायको येणार आणि तुझे दगड असे शेंबडे? बघूनच पळेल ती. जरा आंघोळ घाल त्यांना."

तो हसला नाही. मी हसलो आणि सायकलवर टांग मारली.

पुढच्या बुधवारी कॅम्पाच्या अलीकडेच वास आला, एरवीच्या दसपट. हौदातले दगड वरून पांढरेफटक, फटींतून कुजका चिखल वाहत होता आणि खालून निघालेलं पाणी काळंच होतं. महिपती काठावर बसला होता. त्याच्या हातांची सालं निघाली होती.

"लाज वाटली, साहेब," तो म्हणाला. "वरवर घासनार हुतो. काळं जाईना, म्हनून सगळी ब्लीचिंग पावडर कालवून वतली. साय मेली."

एवढं ज्याला कळत होतं, त्याच्याच हातून हे झालं. आणि ते माझ्यामुळे.

"आणि कौसाबाई?"

"आली हुती. वास सोसला न्हाई तिला. ट्रंकबी उघडली न्हाई. सांजच्या गाडीनं गेली."

पुढचे सहा आठवडे तो तिथून हलला नाही. नळी अडकली की दगड सुकतात, सुकले की नवी साय धरत नाही. रोज एक दगड उचलून चाचपायचा. सातव्या आठवड्यात त्यानं माझं बोट धरून दगडावर टेकवलं. बुळबुळीत लागलं. मला इतका आनंद झाला की रुमाल बांधायचा राहिला होता, हे मागाहून लक्षात आलं.

त्यानं खालच्या नितळ पाण्याची एक बाटली भरून माझ्या हातात दिली. माझी बहीण बदलापूरला, खरवईच्या शेजारीच असते, हे त्याला ठाऊक होतं. "खरवईला जाऊन कौसाला दावा. म्हनावं, आता वास न्हाई."

रविवारी मी खरवईला गेलो. कौसाबाईनं बाटली उन्हात धरून बघितली आणि ओट्यावर ठेवली.

"वासाचं काय नाय, साहेब. शेनामुतातच वाढलो आमी," ती म्हणाली. "पन ते दिसभर त्या दगडांपाशी बसलं व्हतं. माझ्याकं एकदा मान वर करून बघला नाय. मना वाटला, मी नकोशी हाय. त्यांना सांगा, एकदा येऊन 'चल' म्हना, मी लगेच येतंय."

बुधवारी मी हे त्याला शब्दशः सांगितलं. तो खोलीत गेला आणि धुतलेलं धोतर, टोपी घालून बाहेर आला. फाटकापर्यंत गेला. मग थांबून मागे फिरत्या नळीकडे बघत राहिला.

"साहेब, सांजपतोर बसाल का हितं? नळी अडकली तर हातानं ढकलायची, एवढंच."

बाटल्या दुपारच्या आत पोचवायच्या होत्या. मी म्हणालो, "आज नाही रे. पुढच्या बुधवारी नक्की."

पुढचा बुधवार आला आणि मी विसरलो. त्यानं आठवण केली नाही. एकदा मागायलाच त्याला किती जड गेलं असेल, हे मला फार उशिरा उमगलं. उमगलं तेव्हा विषय काढायची लाज वाटू लागली आणि वर्षं तशीच गेली.

१९५८ साली माझी बदली झाली. शेवटच्या बुधवारी मी सायकल भिंतीला लावली आणि म्हणालो, "महिपती, आज जा. मी बसतो संध्याकाळपर्यंत."

तो बराच वेळ हातातला दगड चाचपत राहिला. "आता जाऊन काय सांगू, साहेब? सात वरसं कुटं हुतो म्हनून?" एवढं बोलून तो तार घेऊन नळीची भोकं साफ करायला गेला.

मी तरीही संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. नळी एकदाही अडकली नाही. बाटल्या दुसऱ्या दिवशी पोचवल्या. उशीर का झाला, हे प्रयोगशाळेत कुणी विचारलंसुद्धा नाही.