येतो

शेजारच्या सुमनताई वाटी परत द्यायला आल्या आणि निघताना म्हणाल्या, "येते हं."

मी दाराशीच थबकलो. तुरुंगाधिकारी म्हणून माझी सगळी नोकरी हा एक शब्द दुरुस्त करण्यात गेली. सुटलेला कैदी फाटकातून वाकून बाहेर पडताना सवयीने म्हणायचा, "येतो साहेब." मी दरडावायचो, "येतो काय? जातो म्हण!" मग तोही हसायचा, पहारेकरीही हसायचे.

एका पहाटे मात्र आम्ही एकाला फाशीसाठी कोठडीतून बाहेर काढलं. माझ्यापाशी क्षणभर थांबून तो अगदी साधेपणाने म्हणाला, "येतो साहेब." आणि घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "ये."

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दार वाजलं की अजूनही मी लगेच उघडत नाही.