मुक्या घंटा

वेलिकाचा नवरा मानोल जिवंत आहे, तरी गेली अकरा वर्षं ती डोक्याला काळा रुमाल बांधते. आमच्या रोडोपीच्या डोंगरात काळा रुमाल विधवेचा.

त्या वर्षी सप्टेंबरातच बर्फ पडला. आलुबुखार अजून झाडावर होते, रानाची पानंही हिरवी होती. पानांवर बर्फ साचला आणि फांद्या मोडू लागल्या. वारा नाही, माणूस नाही, नुसतं कडाड् कडाड्. मानोल मेंढरं घेऊन वरच्या कुरणात होता. वेलिका दोन दिवस अंगणात कान देऊन उभी. प्रत्येक कळपाच्या घंटांचा सूर वेगळा असतो. मानोलच्या कळपाचा ती झोपेतही ओळखायची.

तिसऱ्या दुपारी मेंढरं उतरली, पण आवाजच नाही. पांढऱ्यातून पांढरी मेंढरं एकामागून एक आत येत राहिली. तिने पुढच्या मेंढ्याच्या घंटेत बोट घातलं. आत गवत कोंबलेलं.

धनगर मेला की बरोबरचे लोक त्याच्या कळपाच्या घंटा अशाच मुक्या करतात.

वेलिकाने काळा रुमाल बांधला, आरसा भिंतीकडे फिरवला, मेणबत्ती लावली आणि रडायला बसली. "माझ्या राजा, किती गोड बोलायचास रे!"

"हे कोणाचं चाललंय गं?" दारात मानोल उभा, खांद्यावर लंगडी मेंढी. "कोण गेलं?"

"तू."

"मग गोड बोलणारा कोण?"

"गवत कोणी कोंबलं मेल्या?"

"मीच. झाडं बर्फाने वाकलेली असताना घंटा वाजली तर फांदी डोक्यात पडते, आजोबा सांगायचे. गावाजवळ काढणार होतो, पण मेंढरं पळाली पुढे. विझव ती मेणबत्ती."

"तुझ्या नावाची आहे. मी नाही विझवणार."

ती जळून संपेपर्यंत दोघं तिच्यासमोर बसून राहिली. मानोलनेही मग थट्टा केली नाही.

"नवरा समोर जेवतोय, सोड की तो रुमाल," शेजारीण स्तानका म्हणायची.

"सोडला आणि खरंच गेला, तर पुन्हा कुठल्या हाताने बांधू?"

आता मेंढरं विकली. त्या मेंढ्याची घंटा मानोलने स्वतःच्या कमरेला बांधली आहे. वळणापासून ती वाजवत तो घरी येतो. कधी तो दम खायला थांबतो, घंटाही थांबते. मग वेलिका हातातलं काम टाकून उभी राहते, पुन्हा आवाज येईपर्यंत.